‘सेट’ची अकरा कार्डं

३ तारीख, सोमवार

अखेर ‘सेट’ माझ्याच गळ्यात पडला. भिंगसाहेबांनी सकाळी दोन खोकी माझ्या टेबलावर आणून आदळली आणि हात झटकले. भिंगसाहेब म्हणजे आमच्या इंग्रजी-मराठी कोशाचे मुख्य संपादक. चष्म्यावर भिंग धरून वाचतात, आणि राग आला की माणसाकडेही तसंच बघतात.

“एकवीस तारखेला अकरा वाजता ही नोंद पुरी होऊन माझ्यासमोर पाहिजे,” म्हणाले. “एस अक्षर त्या दिवशी छापायला जातं. सेट असला तर सेटसकट जाईल, नसला तर सेटशिवाय. मग संपादकांच्या यादीत तुमचं नावही शोधू नका.”

सव्वीस वर्षं या कार्यालयात खुर्ची झिजवली, आणि मिळालं काय, तर तीन अक्षरांचं इंग्रजी क्रियापद. पण ते साधंसुधं नाही. याला दीडशेच्या वर अर्थ आहेत आणि दोन संपादक याने आधीच खाल्लेत. पहिल्याला सूर्य मावळण्याच्या अर्थापर्यंत पोचल्यावर डॉक्टरांनी सक्तीची विश्रांती सांगितली. दुसऱ्याने बदली मागून घेतली, तो आता झेड अक्षरावर सुखात आहे.

त्यात आमचा नियम. कोशात बनावट उदाहरण चालत नाही. वाक्य कुणीतरी खरोखर लिहिलेलं किंवा बोललेलं हवं, आणि कार्डावर तारीख, वक्ता, ठिकाण हवं. छापण्याआधी अर्थवार लावलेली सगळी कार्डं तारीखवार लावतात आणि दुसऱ्या कुणीतरी वाचतात. खोटं उदाहरण तारखेत पकडलं जातं. आमच्याकडे हे काम पूर्णविरामबाई करतात. बाई दिवसभरात दोन वाक्यं बोलतात, तीही संपवण्यापुरती.

घरी सांगून टाकलं, तीन आठवडे मला सेटखेरीज काहीही सांगू नका.

४ तारीख, मंगळवार

मूळ सापडलं! ‘सिट’ म्हणजे बसणं, आणि सेट हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसवणं. बस्स, एवढंच. सगळा डोलारा त्या एका ‘बसवणे’वर उभा आहे. आणि आपण मराठीत वेगळं काय करतो? खडा बसवतो, हाड बसवतो, दात बसवतो, नाटक बसवतो, दरारा बसवतो, घडी बसवतो. मला खुर्चीतल्या खुर्चीत नाचावंसं वाटलं.

पुढे आणखी मौज. संस्कृतात याचा सख्खा भाऊ निघाला, ‘सादयति’. सदन, संसद, परिषद ही सगळी त्याच घरातली मंडळी. सादयतिचा पहिला अर्थ बसवणे. त्याखाली आणखी एक अर्थ दिलाय, थकवणे, नाश करणे.

संध्याकाळी चहा घेताना हिला सगळं समजावून सांगितलं. ही शेंगा सोलत होती. म्हणाली, “हो, मला माहितीये.”

“काय माहितीये? सादयति?”

“थकवणे.”

एकतीस वर्षांच्या संसारात हिने भाषाशास्त्रात दाखवलेला हा पहिला रस.

६ तारीख, गुरुवार

आज घरातच पहिलं कार्ड मिळालं, आणि तेही सोन्यासारखं. आमची मुलगी हाडांच्या दवाखान्यात रोग्यांकडून व्यायाम करून घेते. वय सत्तावीस, बोलणं भरपूर. नाश्त्याच्या वेळी समोर येऊन बसली. “बाबा, मला तुमच्याशी महत्त्वाचं बोलायचंय.”

“सेट आहे का त्यात?”

तिने आधी हिच्याकडे पाहिलं, मग हसली. थोडा विचार केला आणि इंग्रजीतच म्हणाली, “बाबा, वी हॅव सेट द डेट. द ट्वेंटी-फर्स्ट.”

तारीख नक्की करणे! या अर्थाला माझ्याकडे एकही बोललेलं उदाहरण नव्हतं, सगळी पुस्तकी. मी तिथल्या तिथे खिशातून कार्ड काढलं. “उत्तम! फारच उत्तम!”

“बाबा, तुम्हाला चालेल?”

“चालेल काय, धावेल!”

पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उठून गळ्यातच पडली. वडिलांच्या कामाची एवढी कदर हल्ली कोण करतं? नंतर ही हळूच म्हणाली, “खरंच वाईट नाही ना वाटलं तुम्हाला?” मी म्हटलं, वाईट कशाला, उलट माझी केवढी अडचण दूर झाली. ही बघतच राहिली. मग स्वयंपाकघरात मुलीला सांगताना ऐकू आली, “आतून हललेत गं. दाखवत नाहीत एवढंच.”

दीडशे अर्थ म्हटल्यावर कोण हलणार नाही?

९ तारीख, रविवार

मुलीच्या दवाखान्यातले एक गृहस्थ घरी आले होते. मोडलेल्या हातापायांना प्लास्टर घालणं हा त्यांचा धंदा. उंच, नम्र, इस्त्रीचे कपडे, हातात फुलं. फुलं कशाला ते कळलं नाही. आजारी कुणीच नव्हतं. त्यांना मराठी येत नाही, आपल्याला त्यांची भाषा येत नाही, त्यामुळे सगळं इंग्रजीत. मला तर पर्वणीच.

“सर,” खुर्चीच्या कडेवर बसून ते म्हणाले, “मला तुम्हाला एक विचारायचंय.”

“आधी मी विचारतो,” मी म्हटलं, आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन बसलो. हाड जागेवर आणतात त्याला काय म्हणता? सेट. आणि प्लास्टर घट्ट होतं त्याला? तेही सेट. किती मिनिटांत? पाणी गरम असेल तर लवकर? पावणेदोन तास बसवून ठेवलं त्यांना. घाम पुसत होते, पण एकही उत्तर चुकलं नाही. मध्येच एकदा धीर करून म्हणाले, “सर, माय हार्ट इज सेट ऑन इट.” मी म्हटलं, वा, हेही हवं होतं! एका बैठकीत चार कार्डं झाली.

निघताना मी त्यांचा हात हातात घेऊन म्हणालो, “तुमच्यासारखा माणूस मला वर्षापूर्वीच भेटायला हवा होता.” बिचारे इतके भारावले की दारातली चप्पल त्यांनी उलटी घातली.

ते गेल्यावर मी हिला म्हटलं, बघ, इंग्रजीत हृदय सेट होतं आणि आपल्याकडे मन बसतं, किती जवळ आहे! ही म्हणाली, “बसलंय खरं. दोघांचंही.” कुठल्या दोघांचं, ते विचारायचं राहून गेलं.

१३ तारीख, गुरुवार

मुलगी हल्ली आपणहून कार्डं आणून देते. रोज एक तरी वाक्य. आज म्हणाली, “वी आर सेटिंग अप हाउस ओव्हर देअर.” संसार थाटणे, ब्याण्णवावा अर्थ. काल, “वी सेट ऑफ ऑन द ट्वेंटी-थर्ड.” निघणे, एकशे अकरावा. वाक्य बोलते आणि मी लिहीत असताना माझ्या तोंडाकडे बघत बसते. मी “सुरेख” म्हटलं की सुस्कारा सोडते. मला वाटतं तिला कोशाच्या कामाची गोडी लागली. पुढेमागे भिंगसाहेबांच्या कानावर घालायला हवं.

बाकी घरात आवराआवर चालू आहे. वर्षातून एकदा हिला तो झटका येतो. माझ्या खोलीत दोन बॅगा उघड्या पडल्यात, खुर्चीवर कपड्यांचा ढीग. मी उभ्याने पन्नास कार्डं लावली आणि एका शब्दाने तक्रार केली नाही.

१५ तारीख, शनिवार

हिने मला नवा शर्ट आणला. “एकवीसला घाला.” मला अगदी भरून आलं. नोंद सादर करायच्या दिवसासाठी शर्ट! मी म्हटलं, “अगं, एवढं कशाला?”

“एवढं कशाला काय? आयुष्यात एकदाच येतो असा दिवस.”

जेवताना मात्र काहीतरी बिनसलं. ही म्हणाली, “एकवीसला साडेअकरापर्यंत पोचायचंय, उशीर करू नका.”

“मी अकरालाच पोचणार. आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलणार नाही.”

“कुठून?”

“कार्यालयातून. आणखी कुठून?”

दोघींचे घास हातात राहिले. मुलगी म्हणाली, “बाबा, त्या दिवशीसुद्धा?”

“त्या दिवशी तर मुळीच शक्य नाही. तुमचं काय असेल ते तुम्ही दोघी उरकून घ्या. माझ्यावाचून काही अडत नाही.”

मुलगी ताट तसंच ठेवून उठली. आतून नाक ओढल्याचा आवाज येत होता. हवा बदलली आहे, सर्दी झाली असावी. मी हिला म्हटलं, तिला वाफ दे. हिने माझ्याकडे असं पाहिलं, की भिंगसाहेब परवडले.

१६ तारीख, रविवार

दुःखात सुख. मुलगी गॅलरीत फोनवर बोलत होती, त्या प्लास्टरवाल्यांशीच असावी. खिडकी उघडी होती. “ही हॅज सेट हिज फेस अगेन्स्ट इट. आफ्टर सेइंग येस!” एखाद्या गोष्टीला ठाम विरोध करणे. हा प्रयोग मी सहा दिवस शोधत होतो! खिडकीशी उभा राहून कार्ड केलं. पुढे ती रडायलाच लागली.

कोण हा माणूस, कळेना. आधी हो म्हणायचं आणि मग तोंड फिरवायचं. दवाखान्यातला एखादा वरिष्ठ असेल. असल्या माणसाला समोर बसवून चार शब्द सुनावले पाहिजेत. एका गुणी पोरीला रडवायचं म्हणजे काय?

१८ तारीख, मंगळवार

घरात अबोला. मीठ मागितलं तर मीठ मिळतं, शब्द मिळत नाही. आज शेवटी हीच म्हणाली, “म्हणजे तुम्ही येणार नाही ते नाहीच?”

“नाही. किती वेळा सांगू?”

“तिला काय वाटेल, याचा काही विचार?”

“समजूतदार आहे ती.”

“तुमच्याऐवजी खुर्चीत एक दगड बसवला असता ना, तर निदान त्याच्याकडून काही अपेक्षा तरी नसती.”

बसवणे, अर्थ पहिला, अगदी मूळ अर्थ. पण वाक्य मराठी असल्यामुळे कार्ड करता येत नाही. हळहळ वाटली.

इथे खाजगीत लिहून ठेवतो, मला यांचा थोडा रागच आला आहे. खरेदी असो, सिनेमा असो, तो एकवीसलाच असायला हवा? माझा एक दिवस. सव्वीस वर्षांतला एक.

२० तारीख, गुरुवार

संपलं. एकशे त्रेपन्न अर्थ, चारशे दहा कार्डं. त्यातली अकरा घरातली. ती वाचताना वाटतं, खरी जिवंत हीच, बाकीची वाळलेली. दुपारी तारीखवार वाचनासाठी सगळी पूर्णविरामबाईंच्या हवाली केली. मोठं ओझं उतरलं. तरी बरं वाटत नाही. का, ते सांगता येत नाही.

संध्याकाळी शेवटची टिपणं करत होतो, तेव्हा मुलगी खोलीच्या दारात आली. “बाबा.”

मी सवयीने विचारलं, “सेटमधलं आहे का?”

“नाही.”

“मग परवा बोलू. परवा मी मोकळा.”

थोडा वेळ उभी होती बहुतेक. मी वर पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

२१ तारीख, शुक्रवार

आजचं आजच लिहायला हवं.

सकाळी नवा शर्ट घालून निघालो. दोघींच्या खोलीचं दार बंद होतं. अकराला भिंगसाहेबांसमोर बसलो. साहेब मूळ, व्युत्पत्ती, पहिले वीस अर्थ भिंगातून बघत होते आणि चक्क मान डोलवत होते. तेवढ्यात पूर्णविरामबाई आत आल्या. दार न वाजवता! त्यांच्या हातात अकरा कार्डं होती. पत्ते मांडावेत तशी त्यांनी ती टेबलावर ओळीने मांडली.

“ही उदाहरणं खरी आहेत?”

मला रागच आला. “बाई, मी बनावट उदाहरण देईन?”

“मग तुम्ही इथे काय करताय?”

भिंगसाहेबांनी एकेका कार्डावर भिंग फिरवलं. सहा तारखेपासून सोळा तारखेपर्यंत. मग ते भिंग सावकाश उचलून माझ्याकडे धरलं. “आज एकवीस,” म्हणाले.

मी पुढे वाकून वाचू लागलो. ही कार्डं मी शंभर वेळा हाताळली होती, पण एक तिसऱ्या अर्थाखाली, एक ब्याण्णवाव्याखाली, एक एकशे अकराव्याखाली. ओळीने एकदाही वाचली नव्हती. आम्ही तारीख ठरवली आहे. विवाह नोंदणीच्या कार्यालयात सगळी तयारी झाली आहे. माझं मन बसलंय. आम्ही तिकडे संसार थाटतो आहोत. तेविसाला निघतो. त्यांनी हो म्हणून मग तोंड फिरवलं. सगळ्या कार्डांवर माझं अक्षर, आणि वक्ता म्हणून बहुतेक ठिकाणी एकच शब्द, मुलगी.

“चार शब्द सुनावले पाहिजेत तो माणूस मीच,” असं काहीतरी मी मोठ्याने बोललो म्हणे. मला आठवत नाही. बाई म्हणाल्या, “उठा.” साहेब म्हणाले, “नोंद अपुरी राहिली तर...” बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. साहेबांनी वाक्य सोडून दिलं आणि स्वतः खाली येऊन मला टॅक्सीत घातलं.

विवाह नोंदणीच्या कार्यालयात पोचलो तेव्हा साडेबारा होऊन गेले होते. झाला असणार सगळा कार्यक्रम, असं मनात म्हणत जिना चढलो. तर बाहेरच्या बाकावर तिघं बसलेली. ही, मुलगी आणि मधे प्लास्टरवाले. खिडकीतला कारकून कावून ओरडत होता, “नंबर चौदा, अहो, एकोणीस चालू आहे! येताय की पुढच्याला घेऊ?”

आणि मुलगी म्हणत होती, “आणखी दहा मिनिटं. प्लीज. घ्या पुढच्यांना.”

माझ्यासाठी तिने पाच जोडप्यांची लग्नं आधी लावून दिली होती.

ती मला बघून उठली, पण पुढे आली नाही. माझ्या तोंडून निघालं ते हे, “अगं, मला सांगितलं का नाहीस?” काय ही माझी जीभ!

“सांगितलं, बाबा,” ती म्हणाली. “रोज सांगितलं. तुम्ही लिहून घेतलंत.”

हिला क्षणात सगळं कळलं. एकतीस वर्षांची ओळख आहे. “अगं बाई,” कपाळाला हात लावून म्हणाली, “यांना माहीतच नाही! हे येणार नव्हते असं नाही गं, यांना माहीतच नव्हतं!” आणि तिला जे हसू फुटलं ते आवरेना. हसता हसता रडायला लागली. मुलगी आधी चिडली, मग तीही हसली, मग माझ्या नव्या शर्टाच्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ रडली. मीही रडलो. कारकून म्हणाला, “वीस.”

मी जावईबापूंची माफी मागितली. म्हटलं, त्या रविवारी तुम्ही मागणी घालायला आला होता आणि मी तुम्हाला प्लास्टरबद्दल विचारत बसलो. ते म्हणाले, “सर, मला वाटलं ती परीक्षाच आहे. मी पास झालो, असं समजत होतो.”

साक्षीदाराच्या जागी सही केली. कारकुनाने विचारलं, “नातं?” मला सांगताच येईना. मुलीनेच सांगितलं, “वडील आहेत माझे.”

२२ तारीख, शनिवार

एस अक्षर सेटसकट गेलं. बाईंनी राहिलेली कार्डं काल संध्याकाळपर्यंत बसून लावून दिली. यादीत माझं नाव आहे. पण अकरा कार्डं त्यांनी माझ्याकडे परत पाठवली, प्रत्येकावर लाल शाईत एकच शेरा. “वक्ता बोलला. नोंद करणाऱ्याने ऐकलं नाही. बाद.”

कोशाच्या इतिहासात इतकी योग्य दुरुस्ती झाली नसेल. ही म्हणाली, शेरे फ्रेम करून लावू. मी म्हटलं, लाव.

दिवसभर बॅगा भरल्या. माझं काम कुलपाच्या किल्ल्या शोधण्याचं. मुलीच्या कपाटात शाळेपासूनच्या वह्या निघाल्या. तिला लहानपणी जहाजावर काम करायचं होतं, हे मला आज कळलं. काय काय मी ऐकलं नाही, त्याचा कोश केला तर माझ्या उरलेल्या नोकरीत पुरा होणार नाही.

२३ तारीख, रविवार

गाडी सुटायला दीड तास होता. ही आणि जावईबापू सामान नोंदवायच्या रांगेत होते. मी आणि मुलगी बाकावर. ती बोलत होती. तिकडच्या घराला दोनच खिडक्या आहेत. नव्या दवाखान्यातली मुख्य बाई खडूस आहे म्हणतात. सासूबाई फोनवर फार हळू बोलतात, कळत नाही. जावईबापू घोरतात का, हे तिला अजून माहीत नाही. सगळं मराठीत, एकातून दुसरं. मी एकदाही मधे बोललो नाही. खिशाकडे हात गेला नाही.

मग रुळांकडे बघत म्हणाली, “बाबा, मला भीती वाटतेय.”

सव्वीस वर्षं शब्दांत घालवली, पण देण्यासारखा एकही हाताशी नव्हता. शेवटी खरं होतं ते सांगितलं.

“मलाही.”

तिने माझा हात धरला. गाडी फलाटाला लागेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसून राहिलो.